फळी बाहेरची, पऱ्हाटी आमची

नागपूरच्या लकडगंजचे नावच लाकडावरून पडलेले आहे. आलापल्ली-बल्लारशाहकडचे सागवान येथे यावे, आरा मशीनवर चिरले जावे आणि 'सीपी टीक' या नावाने देशभर विकले जावे, ही या बाजाराची जुनी ओळख. मध्य प्रांत केव्हाच इतिहासजमा झाला, तरी व्यापाऱ्यांच्या तोंडी हे नाव अजून टिकून आहे. परंतु आज या बाजारात फेरफटका मारला तर सागवानाबरोबरच आठ बाय चार फुटांच्या शीटच्या थप्प्या नजरेत भरतात. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ. लाकडाचे पातळ पापुद्रे एकमेकांवर चिकटवले की प्लायवूड, चिपा आणि भुसा गोंदात दाबला की पार्टिकल बोर्ड, लाकडाचा तंतू-तंतू करून दाबला की एमडीएफ. वस्तीतल्या मुलाला अभ्यासाचे टेबल घ्यायचे असो की लग्नात लेकीला कपाट द्यायचे असो, सागवान परवडत नाही. घरात येते ती दाबलेल्या भुशाची फळी.

२८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाचे उद्घाटन झाले, तेव्हा त्यातले सागवान नागपूरचे असल्याचे अभिमानाने सांगितले गेले. त्याच वर्षी मार्च महिन्यात बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवानाची वाजतगाजत मिरवणूक निघाली. संसदेला सागवान, मंदिराला सागवान. आणि ज्या जंगलातून ते गेले त्या जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाला भुशाची फळी! त्या फळीचाही काही भाग समुद्रापलीकडून येतो. बोर्ड थायलंडचा, व्हिएतनामचा किंवा मलेशियाचा असतो. बोर्ड देशी असला तर लाकूड बाहेरचे असू शकते. लाकूड देशी असले तर त्यातला गोंद ज्या मिथेनॉलपासून बनतो ते मिथेनॉल बहुतांश परदेशातून आलेले असते.

आयात-निर्यात हा व्यापाऱ्यांचा विषय, तो आंबेडकरी चळवळीच्या पानावर कशाला, असे काही वाचकांना वाटेल. ही समजूतच आम्हाला मोडायची आहे. बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेला रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ आपण ग्रंथालयात ठेवतो, त्याला हार घालतो. परंतु त्यातली विचार करण्याची पद्धत वापरत नाही. रुपयाचा भाव घसरला की निर्यात वाढते, म्हणून देशाचे भले होते, असे त्या काळात मोठमोठे लोक सांगत होते. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की हा नफा येतो कुठून? भाव चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. म्हणजे मालकाच्या खिशात जास्तीचे जे पडते, ते मजुराच्या ताटातून गेलेले असते. 'देशाचा फायदा' या शब्दाआड देशातल्याच एका वर्गाचा तोटा लपलेला असतो, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखवले. आज लाकडी फळीच्या आयातीकडे आम्ही याच नजरेने पाहणार आहोत. आयात वाढली की घटली, एवढ्याने काही कळत नाही. कोणाच्या जिवावर वाढली आणि कोणाच्या जिवावर घटली, हा खरा प्रश्न आहे.

देशादेशांची तुलना करण्यापूर्वी आकड्यांतली एक फसगत समजून घेतली पाहिजे. सीमाशुल्काच्या यादीत ४४ वे प्रकरण लाकडाचे आहे. त्यात गोल लाकूड ४४०३ या क्रमांकाखाली, पापुद्रा ४४०८ खाली, पार्टिकल बोर्ड ४४१० खाली, एमडीएफसारखे फायबर बोर्ड ४४११ खाली आणि प्लायवूड ४४१२ खाली नोंदवतात. तयार फर्निचर तर ९४ व्या प्रकरणात जाते. म्हणजे एखाद्या देशाने प्लायवूड न आणता गोल लाकूड आणले आणि आपल्या कारखान्यात त्याचे प्लायवूड केले, तर फळीच्या आयातीचा आकडा छोटा दिसतो. दुसऱ्याने फळी न आणता फळीची तयार कपाटे आणली, तरी आकडा छोटाच. जंगल दोन्ही ठिकाणी परक्याचेच तुटते; फक्त खाते बदलते. नुसता फळीचा आकडा पाहून 'अमुक देश स्वावलंबी झाला' असे म्हणणे, म्हणजे आरोपीचे एकच खाते तपासून त्याला निर्दोष सोडण्यासारखे आहे.

आता जपान पाहा. या देशाची सुमारे दोन तृतीयांश जमीन जंगलाखाली आहे. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर घरे बांधण्यासाठी त्याने आधी फिलिपिन्सचे, मग मलेशिया-इंडोनेशियाचे गोल लाकूड आणले आणि आपल्या गिरण्यांत त्याचे प्लायवूड केले. फळीच्या खात्यात जपान स्वावलंबी दिसत होता, तेव्हा फिलिपिन्सचे डोंगर उघडे पडत होते. दरम्यान जपानने स्वतःच्या डोंगरांवर देवदारासारख्या झाडांची लागवड केली आणि ती वाढू दिली. २००२ च्या सुमारास त्याच्या एकूण लाकडात स्वतःचे लाकूड २० टक्क्यांच्याही खाली गेले होते. पुढे लावलेली झाडे हाताशी आली, प्लायवूडच्या गिरण्यांनी उष्ण कटिबंधाचे लाकूड सोडून घरचे लाकूड घेतले आणि २०२० मध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या वर गेले. जपानने पन्नास वर्षे थांबण्याची चैन केली. पण त्या पन्नास वर्षांचे लाकूड दुसऱ्यांनी पुरवले, हे विसरता येत नाही.

इंडोनेशियाची कथा याच्या उलट. आम्ही लाकूड विकायचे आणि जपानने त्याची फळी करून नफा कमवायचा, हे का चालू द्यावे, असा विचार करून त्या देशाने १९८५ मध्ये गोल लाकडाची निर्यात पूर्ण बंद केली. निर्णय स्वाभिमानाचा होता. काही वर्षांतच इंडोनेशिया जगातला सर्वांत मोठा प्लायवूड निर्यातदार झाला. परंतु फायदा कोणाला झाला? जंगलांचे ठेके सुहार्तो राजवटीच्या मर्जीतल्या मूठभरांना मिळाले. प्लायवूड उत्पादकांच्या संघटनेची सूत्रे सुहार्तोंचे निकटवर्ती बॉब हसन यांच्या हाती होती आणि निर्यातीचे भावही तेथूनच ठरत. ही मक्तेदारी १९९८ मध्ये आर्थिक संकटात आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटींमुळे मोडली. त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांचे वन हे सरकारी वन नव्हे, एवढे मान्य व्हायला तेथील संविधान न्यायालयाचा २०१३ चा निकाल यावा लागला. तोपर्यंत जंगलाचा मोठा भाग फळी होऊन निघून गेला होता. निर्यातबंदीने कारखाने आले, पण जंगलवाल्याला जंगल मिळाले नाही.

तिसरा देश चीन. नव्वदीच्या दशकात चीन इंडोनेशियाकडून मोठ्या प्रमाणावर प्लायवूड विकत घेत होता. १९९८ मध्ये यांगत्से नदीला भीषण पूर आला आणि सरकारने नैसर्गिक जंगलतोडीवर बंदी आणली. लाखो वनकामगारांचे काम गेले. तरी चार-पाच वर्षांतच हा आयातदार देश प्लायवूडचा निर्यातदार झाला आणि पुढे जगात पहिला. यात रशियासारख्या देशांतून आणलेल्या गोल लाकडाचा वाटा मोठा होता, हे खरे. परंतु दुसरा वाटा पॉपलर आणि निलगिरी लावणाऱ्या लहान शेतकऱ्याचा होता. शानदोंग प्रांतातल्या लिनयीसारख्या भागात घराघरांतून पापुद्रे सोलले जाऊ लागले. हे शक्य झाले, कारण तेथे प्रत्येक ग्रामीण कुटुंबाच्या हाती थोडी तरी जमीन होती. २००३ पासून काही प्रांतांत आणि २००८ पासून देशभर गावाच्या सामूहिक वनजमिनीचा वापरहक्कही कुटुंबांना देण्यात आला. व्हिएतनामनेही नव्वदीच्या दशकात वनजमीन कुटुंबांना वाटली आणि आज त्या लहान लागवडदारांच्या बाभूळवर्गीय लाकडावर त्याचा फर्निचर उद्योग उभा आहे. आम्ही चीनच्या राजवटीचे भाट नाही. हुकूमशाहीबद्दल आणि बुद्धाच्या मार्गाबद्दल बाबासाहेबांनी दिलेला इशारा आम्हाला पाठ आहे. परंतु ज्याच्या हाती जमीन असते त्यालाच झाड लावता येते, हे सत्य सांगायला कोणत्याही राजवटीचे भक्त व्हावे लागत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने सांगितले की उद्योगांनी आपला कच्चा माल जंगलातून नव्हे, तर शेतकऱ्यांकडून घ्यावा. १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने टी. एन. गोदावर्मन प्रकरणात आदेश दिला आणि मंजूर कार्ययोजनेशिवाय जंगलतोड थांबली. ईशान्येकडून लाकूड बाहेर नेण्यावर बंदी आली. आसाम-अरुणाचलच्या प्लायवूड गिरण्या बंद पडल्या. २००२ मध्ये न्यायालयाने देशभरातल्या आरा मशीन, व्हिनिअर आणि प्लायवूड गिरण्यांच्या नव्या परवान्यांनाही लगाम घातला. जंगल वाचवण्यासाठी हे आवश्यक होते, याबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार वेगळी आहे. गिरण्या बंद झाल्या त्या दिवशी तेथे लाकूड ओढणाऱ्या, चिरणाऱ्या, भुसा वाहणाऱ्या माणसाचे काय झाले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. भांडवल उठले आणि हरियाणातल्या यमुनानगरला, केरळातल्या पेरुंबावूरला आणि बंदराशेजारच्या गांधीधामला गेले. मजूर मात्र जागीच राहिला.

भारतानेही जपानचाच रस्ता धरला. गोल लाकडावर आयातशुल्क कमी, तयार फळीवर त्याहून जास्त. म्हणून बाहेरचे लाकूड आणून येथे फळी करणे परवडू लागले. मलेशिया, म्यानमार, न्यूझीलंड येथील लाकूड कांडला बंदरात उतरू लागले. १ एप्रिल २०१४ पासून म्यानमारने गोल लाकडाची निर्यात बंद केली, तेव्हा काही भारतीय कंपन्या पापुद्रे सोलण्याचे काम करण्यासाठी लाओससारख्या देशांत गेल्या. इकडे २०१० मध्ये आसियान देशांबरोबरचा व्यापार करार लागू झाला आणि तेथील तयार बोर्डावरचे शुल्क उतरत गेले. मग देशी एमडीएफ कारखानदारांनी ओरड केली. परिणामी २००९ मध्ये चीन, मलेशिया, थायलंड आणि श्रीलंकेच्या जाड एमडीएफवर लावलेल्या डंपिंगविरोधी शुल्कानंतर २०१६ मध्ये इंडोनेशिया आणि व्हिएतनामवरही ते लागले. फेब्रुवारी २०२५ मध्ये भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह असल्याशिवाय बोर्ड आणि प्लायवूड विकता येणार नाही, असा आदेश लागू झाला. मानके पूर्वीही होती, सक्ती नव्हती. अमेरिकेने बोर्डातून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइड वायूवर २०१० मध्येच कायदा केला होता. आपल्याकडे एवढा उशीर झाला, त्या काळात कसला माल आपल्या घरांत आला, हे ज्याने त्याने आपल्या कपाटाचा वास आठवून ठरवावे.

येथे एक कायद्याचा मुद्दा वाचकांसमोर ठेवणे आम्हाला अगत्याचे वाटते. डंपिंगविरोधी शुल्क १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमाच्या कलम ९ अ खाली लावले जाते. परक्या मालामुळे देशी उद्योगाला इजा झाली का, याची चौकशी होते. इजा मोजताना नफा, विक्री, साठा यांबरोबर रोजगार आणि मजुरी हेही घटक पाहावे लागतात, असे नियमच सांगतात. म्हणजे कारखानदार चौकशीपुढे उभा राहतो तेव्हा त्याच्या मागे मजुराची रांग उभी केली जाते. परंतु शुल्क लागू झाल्यावर त्या संरक्षणातून मजुराची मजुरी किती वाढली, हे कोणी विचारत नाही. तशी अटही नाही. संरक्षण मागताना मजूर मोजायचा आणि संरक्षण मिळाले की मजूर विसरायचा! शुल्कामुळे बोर्ड महागतो, तो भार वस्तीतल्या कपाटावर पडतो. शुल्क उठले तर कारखाना बंद पडण्याची भीती मजुरावर पडते. दोन्हीकडून भरणारा तोच. १९२३ साली बाबासाहेबांनी रुपयाबद्दल जे दाखवले, ते आज फळीबद्दल अक्षरशः खरे आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे सुतारकाम करणारा एक तरुण आला होता. बोर्ड कापताना मशीनवर त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली होती. मालकाचे म्हणणे असे, की हा आमचा कामगारच नव्हे, ठेकेदार आहे, नगावर पैसे घेतो. हजेरीपट नाही, पगाराची पावती नाही, सुरक्षेचे साधन नाही. साक्ष द्यायला सोबतचे कामगार तयार नव्हते, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी त्याच मशीनवर उभे राहायचे होते. शेवटी तडजोड झाली आणि जी रक्कम मिळाली ती उपचाराच्या कर्जात गेली. असे किती असतील? लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये सांगितले. फॉर्मल्डिहाइडबद्दल २००४ मध्ये सांगितले. बंद खोलीत तोंडाला रुमाल बांधून एमडीएफ कापणाऱ्या पोरांपर्यंत ही गोष्ट अजून पोहोचलेली नाही. सुतार इमारतीच्या जागेवर काम करत असेल तर बांधकाम कामगार म्हणून त्याची मंडळाकडे नोंदणी होऊ शकते; तोच सुतार दुकानाच्या मागच्या शेडमध्ये काम करत असेल तर तो कोणाचाच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यात असंघटित कामगाराच्या नोंदणीची तरतूद आहे. तरतूद कागदावर आहे. ती शेडपर्यंत नेण्याचे काम चळवळीचे आहे.

आता विदर्भाचा हिशेब मांडू. राज्यातले मोठे जंगल आपल्याकडे. वन विकास महामंडळाचे मुख्यालय नागपुरात. बल्लारपूरचा कागद कारखाना दशकानुदशके येथील बांबूवर चालला आणि ज्याचा पिढीजात धंदा बांबूचा, त्या अनुसूचित जातीतल्या बुरुड समाजाला मात्र बांबूसाठी हात पसरावे लागले. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळवला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपल्याच वाहतूक परवान्यावर विकला, तेव्हा कुठे हे चक्र उलटे फिरू लागले. त्यानंतर जिल्ह्यातल्या शेकडो ग्रामसभांना असे हक्क मिळाले. परंतु बहुतेक ठिकाणी आजही बांबू बांबू म्हणूनच बाहेर जातो. बांबूच्या चटया दाबून मजबूत बोर्ड करण्याचे तंत्र बंगळुरूच्या प्लायवूड संशोधन संस्थेने कधीच विकसित केले आहे. ते ग्रामसभेच्या दारात आलेले नाही.

आणि 'शेतकऱ्यांनी झाडे लावावीत, उद्योगांनी ती घ्यावीत' हे जे १९८८ चे धोरण आहे, त्यात आमचा माणूस कुठे आहे? यमुनानगरचा पॉपलर ज्याच्या बांधावर उभा आहे तो जमीनदार शेतकरी आहे. बांबू लागवडीची, वृक्षशेतीची कोणतीही योजना घ्या, पहिला कागद मागतात तो सातबारा. आमच्या समाजातल्या किती कुटुंबांकडे तो आहे? दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांनी सत्याग्रह केला, लाखो लोक तुरुंगात गेले, ते याच सातबाऱ्यासाठी. १४ एप्रिल १९९० पूर्वीची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय १९९१ मध्ये झाला. तरी अनेक कसणाऱ्यांच्या हाती आजही नोटीस येते, सातबारा येत नाही. चीन आणि व्हिएतनामने आयात कमी केली ती जमीन वाटून. आपण जमीन न वाटता ती कमी करायला निघालो आहोत. मग झाडाचा पैसाही ज्याच्याकडे जमीन त्याच्याकडेच जाणार, यात नवल काय?

झाडाला जमीन लागते आणि वर्षे लागतात. परंतु विदर्भात एक असा कच्चा माल आहे जो दरवर्षी उभा राहतो आणि दरवर्षी जाळला जातो. ती म्हणजे पऱ्हाटी. महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टरवर कापूस होतो आणि हेक्टरी दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. अगदी दोन टन धरले तरी ८० लाख टन होतात. तिचा दहावा भाग घेतला तरी ८ लाख टन! या पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड तयार होतो, हे स्वप्न नव्हे. केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने त्याचे तंत्र विकसित केले आहे आणि अमरावती रोडवर वाडी येथील तिच्या जिनिंग प्रशिक्षण केंद्रात असा बोर्ड करून दाखवला आहे. म्हणजे नागपूरच्या वेशीवर पऱ्हाटीचा बोर्ड बनू शकतो हे सिद्ध झालेले आहे, आणि तेथून काही किलोमीटरवर लकडगंजात बाहेरून आलेल्या बोर्डाच्या थप्प्या लागतात.

मग घोडे कुठे अडले? अडचणी खऱ्या आहेत, त्या नाकारण्यात अर्थ नाही. पऱ्हाटी फोफशी असते. ट्रक भरला तरी वजन भरत नाही, म्हणून लांबून आणणे परवडत नाही. ती हंगामात थोड्याच आठवड्यांत गोळा करावी लागते आणि वर्षभर साठवावी लागते. साठवली की कीड, पाऊस आणि आगीची भीती. म्हणून गावातच तिची चिपाड करणारे यंत्र हवे, म्हणजे गावातच काम निर्माण होते. दुसरीकडे, २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने हाहाकार केला, तेव्हापासून कृषी शास्त्रज्ञ सांगत आहेत की फरदड घेऊ नका, पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर काढा. म्हणजे ती उचलणे शेतकऱ्याच्याही हिताचे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पऱ्हाटीच्या आणि इतर शेती-अवशेषांच्या बोर्डावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. साध्या प्लायवूडवर तो १८ टक्के आहे. कर अनुकूल, माल शेतात, तंत्र वाडीत, बाजार लकडगंजात. राहिले काय? संघटना.

परंतु थांबा. येथेच आम्हाला धोक्याची घंटा वाजवायची आहे. पऱ्हाटी 'टाकाऊ' आहे असे कोण म्हणते? ज्याच्या घरी गॅस चालतो तो. अनेक गावांत भूमिहीन बाई शेतकऱ्याची पऱ्हाटी उपटून देते आणि मोबदला म्हणून तीच पऱ्हाटी मोळी बांधून घरी नेते. तिची चूल त्यावर पेटते. २०१६ पासून उज्ज्वलाची टाकी घरात आली, पण दुसरी टाकी भरायला पैसे नसतात तेव्हा पऱ्हाटीच कामी येते. उद्या कारखान्याचा ट्रक बांधावर उभा राहिला आणि क्विंटलमागे भाव देऊ लागला, तर शेतकरी त्या बाईला मोळी देईल का? नाही देणार, आणि त्याला दोषही देता येणार नाही. म्हणजे बोर्डाची आयात घटेल, वर्तमानपत्रांत 'विदर्भ स्वावलंबी' असे मथळे येतील आणि आमच्या बाईची चूल विझेल. देशाच्या खात्यावर नफा, तिच्या खात्यावर तोटा. ही लढाई कारखाना येण्याआधीच लढली पाहिजे. आल्यावर उशीर होतो.

१९१८ साली बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतीवर निबंध लिहिला. शेतीवर रिकामे हात फार झाले आहेत, त्यांना उद्योगात काम दिल्याशिवाय शेतीही सुधारणार नाही, असे त्याचे सार. त्यांना उद्योग हवा होता, पण रिकाम्या हातांना काम देणारा. म्हणून आम्ही बोर्ड कारखान्याच्या विरोधात नाही. उलट तो विदर्भात यावा याच मताचे आहोत. तो कोणाच्या मालकीचा आणि कोणत्या अटींवर, एवढाच वाद आहे.

त्या अटी आम्ही स्पष्ट मांडतो. पहिली, पऱ्हाटी गोळा करण्याचा आणि चिपाड करण्याचा हक्क गावातल्या भूमिहीन महिलांच्या सहकारी संस्थेला द्यावा. त्यांच्या चुलीचा वाटा आधी बाजूला काढावा आणि उरलेला कारखान्याला विकावा. यंत्रासाठी अनुसूचित जाती उपयोजनेचा पैसा वापरावा. तो पैसा दुसरीकडे वळवला जातो ही आपली जुनीच तक्रार आहे, तर मग त्याची जागा आपणच दाखवून देऊ. दुसरी, गायरान कसणाऱ्यांना सातबारा द्यावा, म्हणजे बांबू आणि वृक्षशेतीच्या योजना त्यांच्यापर्यंत पोहोचतील. तिसरी, वनहक्क मिळालेल्या ग्रामसभांना आणि बुरुड समाजाच्या संस्थांना बांबू बोर्डाचे छोटे कारखाने उभारण्यास अग्रक्रम द्यावा. चौथी, ज्या उद्योगाला डंपिंगविरोधी शुल्काचे संरक्षण हवे त्याने आपल्याकडच्या कामगारांची संख्या, मजुरी आणि धुळीपासूनच्या संरक्षणाची व्यवस्था दरवर्षी जाहीर करावी. न केल्यास मुदतवाढ मिळू नये. पाचवी, शेडमध्ये बोर्ड कापणाऱ्या प्रत्येक सुताराची आणि थप्प्या वाहणाऱ्या प्रत्येक हमालाची नोंदणी व्हावी.

यातल्या पहिल्या आणि शेवटच्या मागणीसाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. नागपुरात आमच्या वकील मित्रांनी रविवारचे दोन तास दिले तर नोंदणीचे अर्ज भरले जातील. येत्या हंगामात एका तालुक्यातल्या पाच गावांत महिलांच्या बचत गटांची बैठक घेऊन पऱ्हाटी किती निघते, जळते किती, चुलीला लागते किती आणि उरते किती, याची मोजणी करता येईल. हे काम कोणत्याही विद्यापीठापेक्षा गावातली शिकलेली पोरे चांगले करतील. ती मोजणी हातात असेल तर उद्या कारखानदार आला तरी आपण याचक म्हणून नव्हे, तर आकडे घेऊन समोर बसू.

बाबासाहेबांनी आपल्याला शिकण्यास, संघटित होण्यास आणि संघर्ष करण्यास सांगितले. शिकणे म्हणजे केवळ पदवी नव्हे. आपल्या घरातल्या फळीचा हिशेब वाचता येणे हेही शिकणेच आहे. पुढच्या वेळी देशाची आयात घटली किंवा वाढली अशी बातमी वाचाल, तेव्हा एवढाच प्रश्न विचारा: हे कोणाच्या खात्यावर लिहिले गेले? हा प्रश्न विचारण्याची सवय लागली की पुढचा रस्ता आपोआप दिसतो.

जयभीम!